डिपेश मोडचा दुसरा अल्बम 'अ ब्रोकन फ्रेम' : दुबळा की दुर्लक्षित?

पावसाळी

गेले तीन आठवडे मी एकच अल्बम ऐकतेय आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

डिपेश मोड हा सिंथसायझर वाजवणारा ब्रिटिश बँड. त्यांचं नाव काढलं की बहुतेकांना नव्वदच्या आसपासची गाणी आठवतात. काळे कपडे, भरलेली स्टेडियमं, डेव्ह गानचा तो भारदस्त आवाज. मीही तिथूनच आत शिरले आणि मग एकेक अल्बम मागे मागे जात १९८२ च्या 'अ ब्रोकन फ्रेम'पाशी पोचले. त्याआधी जिथे जिथे वाचलं तिथे एकच सूर होता: हा सोडून दिलात तरी चालेल. खुद्द बँडमधल्या मंडळींनीही नंतर याच्याबद्दल फारसं प्रेमाने बोललेलं नाही.

मला मात्र तो सोडवत नाहीये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. पहिला अल्बम 'स्पीक अँड स्पेल' १९८१ चा. त्यातल्या अकरापैकी नऊ गाणी व्हिन्स क्लार्कची आणि फक्त दोन मार्टिन गोरची. अल्बम गाजला आणि त्याच वर्षाअखेरीस क्लार्क बँड सोडून गेला. म्हणजे घरात स्वयंपाक करणारा एकच माणूस होता आणि तोच उठून गेला. राहिले तिघे, सगळे जेमतेम विशीचे: गान, गोर आणि अँडी फ्लेचर. सप्टेंबर १९८२ मध्ये दुसरा अल्बम आला. दहा गाणी, दहाच्या दहा गोरची.

हे माहीत असताना ऐकलं की अल्बम वेगळाच ऐकू येतो. पहिलंच गाणं 'लीव्ह इन सायलेन्स'. पहिल्या अल्बममधलं उड्या मारणारं काहीच इथे नाही. घुमणारे आवाज, जड पावलं आणि पुन्हा पुन्हा मोडलेल्या नात्यातून आता मुकाट्याने निघून जावं असं म्हणणारा माणूस. मग मध्येच 'द मीनिंग ऑफ लव्ह'सारखं गोड, जवळजवळ शाळकरी गाणं. मग 'शुडन्ट हॅव डन दॅट'सारखं विचित्र काहीतरी. आणि सगळ्यात शेवटी 'द सन अँड द रेनफॉल'. त्याच्याबद्दल नंतर लिहीन, कारण त्या गाण्यावर आलं की मला थांबता येत नाही.

लोक म्हणतात, अल्बमला एक चेहरा नाही. मला वाटतं, चेहरा घडतानाचा आवाज आहे तो. गोर आपला सूर शोधतोय आणि ते आपल्याला गाण्यागणिक ऐकू येतं. तुमचं काय मत?

अर्धविराम

मस्त धागा! वाचतेय.

खर्जातला

धागा छान लिहिलाय, पण मी विरुद्ध पक्षात. शोधणं ऐकू येतं हे मान्य. पण श्रोत्याने त्या शोधाचे पैसे का मोजायचे? 'अ फोटोग्राफ ऑफ यू' ऐका. सूर बरा, शब्द वहीच्या मागच्या पानावरचे. 'मीनिंग ऑफ लव्ह'मध्ये तर क्लार्क गेलाय हे मान्यच नसल्यासारखं त्याच्या पद्धतीचं गाणं लिहायचा प्रयत्न आहे आणि ते त्याच्याइतकं हलकं झालेलं नाही. त्या गाण्याला ब्रिटनच्या विक्री-यादीत १२ वा क्रमांक मिळाला, 'लीव्ह इन सायलेन्स'ला १८ वा. म्हणजे तेव्हाच्या ऐकणाऱ्यांनाही उतरण जाणवली होती.

पावसाळी

@खर्जातला, आकडे बरोबर आहेत पण अर्धेच सांगितलेत! त्याच अल्बममधलं 'सी यू' जानेवारी १९८२ मध्ये आलं आणि ६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. क्लार्कचं सगळ्यात गाजलेलं 'जस्ट कान्ट गेट इनफ' ८ वर थांबलं होतं. आणि अल्बमचं म्हणाल तर पहिला १० वा, हा ८ वा.

खर्जातला

हे मात्र बिनतोड. 'सी यू'ला मी हात लावत नाही, ते गाणं मलाही आवडतं.

जुनी_कॅसेट

'सी यू'चा विषय निघालाच आहे तर लिहितो. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो कॅसेटवर, तीही कुणीतरी कुणाकडून तरी भरून घेतलेली. पहिली बाजू 'सी यू'ने संपते. जुन्या प्रेमाला एकदा फक्त भेटायचंय, बाकी काही मागणं नाही, एवढंच ते गाणं. मधे आवाजांचे थर एकमेकांवर चढतात तिथे ही मंडळी यंत्रांवर वाजवतायत हेच विसरायला होतं.

गाणं संपलं की फीत तशीच पुढे सरकत राहायची, नुसती खरखर, आणि मग बटण खाडकन वर यायचं. मी उठून बाजू बदलायचो नाही. पेन्सिल घालून तेवढंच गाणं मागे फिरवायचो, बोटाला अंदाज बसला होता किती वेढे ते. त्यामुळे कित्येक महिने दुसरी बाजू मी ऐकलीच नव्हती. 'सन अँड रेनफॉल' त्या बाजूला शेवटी होतं हे फार उशिरा कळलं.

एक माहिती: 'सी यू' आणि 'फोटोग्राफ ऑफ यू' ही गोरची मिसरूड फुटण्याच्या काळातली गाणी. म्हणजे @खर्जातला म्हणतात ते 'वहीच्या मागच्या पानावरचे शब्द' खरोखरच जुन्या वहीतले आहेत. क्लार्क गेला, गाणी हवी होती, तर आधी हाताशी होतं ते काढलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला वाटतं.

मध्यरात्र

गायकाचं आडनाव 'गान' हे वाचून मी आधी समजले की धागाकर्तीने मराठीकरण केलंय. मग शोधलं तर खरंच तसाच उच्चार! आडनावाला जागला की हो माणूस.

तारस्वर

@मध्यरात्र :हाहा: आणि बँडच्या नावाचा उच्चार डिपेश की डेपेश यावर वेगळा धागा काढा, शंभर प्रतिसाद कुठे गेले नाहीत.

व्होल्टेज

थोडं यंत्रांबद्दल, म्हणजे सिंथसायझरांबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय हा अल्बम नीट कळत नाही असं माझं मत आहे.

१९८२ म्हणजे मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांना एकमेकांशी जोडणारी सामाईक पद्धत, यायच्या आधीचं वर्ष. आज एका कीबोर्डवरून दहा यंत्रं वाजवता येतात. तेव्हा एक यंत्र दुसऱ्याशी बोलायचं ते थेट विजेच्या दाबातून. बहुतेक यंत्रांत हिशोब असा की दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर. दाब जरासा हलला तरी सूर हलला. यंत्र तापलं की सूर चढ-उतार करायचा, म्हणून वाजवण्याआधी थांबायचं, लावून घ्यायचं, पुन्हा थांबायचं. तानपुरा लावणाऱ्याला हे लगेच समजेल.

त्यात बरीचशी यंत्रं एकस्वरी. एका वेळी एकच सूर. तीन सुरांची संगत हवी असेल तर तीनदा वाजवून ध्वनिमुद्रित करायची. म्हणूनच या अल्बममध्ये प्रत्येक सुरावट सुटी, एकेकटी ऐकू येते. 'माय सीक्रेट गार्डन' हेडफोनवर ऐका. एक सुरावट चालू असते, दुसरी तिच्या फटीतून येते, तिसरी त्या दोघींच्या मधून. कुणी कुणाच्या पायात येत नाही. ही नुसती आवड नाही, यंत्रांनी लावलेली शिस्त आहे.

आणि डॅनियल मिलरला विसरू नका. म्यूट ही कंपनी त्याची, निर्मितीतही बँडबरोबर तोच. पहिल्या अल्बममधले कितीतरी आवाज त्याच्या एआरपी २६०० या सिंथसायझरमधून आलेले आहेत. गाणी लिहिणारा गेला तरी आवाज घडवायला शिकवणारा जाग्यावर होता, हे या तिघांचं नशीब.

निळी_शाई

@व्होल्टेज, फार सुंदर समजावलंत. मी 'माय सीक्रेट गार्डन' तुमचा प्रतिसाद वाचून लगेच ऐकलं. 'फटीतून येते' हे अगदी तसंच आहे!

एक शंका. बँडमध्ये नंतर आलेला ॲलन वाइल्डर या अल्बमवर आहे की नाही? चित्रफितीत चौघे दिसतात.

व्होल्टेज

नाही. तो १९८२ च्या सुरुवातीला आला, पण दौऱ्यांसाठी. मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकातल्या जाहिरातीत एकविसाच्या आतला माणूस हवा असं म्हटलं होतं, हा बावीसचा, वय कमी सांगून आला. शास्त्रीय पियानो शिकलेला. 'सी यू'च्या चित्रफितीत आहे, मंचावर आहे, पण अल्बमच्या ध्वनिमुद्रणाला मात्र त्याला घेतलं नाही. क्लार्कशिवाय आपल्याला जमतं हे तिघांना स्वतःच्या बळावर दाखवायचं होतं. पूर्ण सदस्य म्हणून तो ऐकू येतो तो १९८३ च्या 'गेट द बॅलन्स राइट'पासून.

तारस्वर

इतका तयारीचा वादक दाराशी उभा आणि त्याला आत घ्यायचं नाही. विशीतला हट्ट म्हणतात तो हाच.

निळी_शाई

मला तो हट्ट पटतो. आपलं आपल्याला जमतं का हे एकदा तरी कळायला हवं असतं. त्या वेळी मदत घेतली असती तर ते कधीच कळलं नसतं.

खर्जातला

@निळी_शाई, पटतो तसा मलाही. पण १९८३ चा अल्बम ऐकलात की वाइल्डर आल्याने काय फरक पडला हेही कळतं. मांडणी आवळली जाते, पोकळ जागा राहत नाहीत. 'अ ब्रोकन फ्रेम'मध्ये 'सॅटेलाइट' ऐकताना मला सतत वाटतं की कुणीतरी येऊन याला दोन खिळे ठोकायला हवे होते. रेगेचा ठेका घेतलाय, पण तो अंगात मुरलेला नाही.

जुनी_कॅसेट

'सॅटेलाइट'च्या बाबतीत सहमत. माझ्या कॅसेटवर नेमकी तिथेच फीत चुरगळलेली होती, त्यामुळे ते गाणं मला कायम डगमगतच ऐकू आलं. पुढे स्वच्छ प्रत ऐकली तेव्हा वाटलं, फितीचा फारसा दोष नव्हता.

मध्यरात्र

आणि क्लार्कचं काय झालं पुढे? की तो यातून बाहेर पडला तो पडलाच?

तारस्वर

अहो, तीच तर खरी गंमत! तो गेला आणि ॲलिसन मॉयेट या गायिकेबरोबर याझू नावाची जोडी काढली. त्याच म्यूटवर. 'ओन्ली यू' २ ऱ्या क्रमांकावर, 'डोन्ट गो' ३ ऱ्या, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बमही २ ऱ्या. म्हणजे 'अ ब्रोकन फ्रेम' यायच्या महिनाभर आधी.

दोन्ही अल्बम एकाच ठिकाणी झाले, लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत. जुनं चर्च होतं ते. याझूच्या अल्बमचं नाव 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स', त्यातला 'एरिक' म्हणजे तिथला ध्वनिमुद्रक एरिक रॅडक्लिफ. कल्पना करा: बँड सोडून गेलेला माणूस त्याच छताखाली येऊन वाजवतोय, त्याची गाणी तुमच्या वर जातायत, आणि तुम्ही तिथेच बसून 'लीव्ह इन सायलेन्स' करताय. मी असतो तर माझे हात थरथरले असते.

आणि दुसऱ्या अल्बमचाच विषय आहे तर याझूचा दुसरा अल्बम पाहा. १९८३ मध्ये तो थेट १ ल्या क्रमांकावर गेला, तोवर दोघं वेगळे झालेले होते. ज्यांचा दुसरा अल्बम ८ वर थांबला ते पुढे चाळीस वर्षं टिकले.

अर्धविराम

याझूचा दुसरा अल्बम मला या दोन्हींपेक्षा आवडतो. मॉयेटचा आवाज म्हणजे थंडगार यंत्रांच्या खोलीत कुणीतरी शेकोटी पेटवल्यासारखा.

तारस्वर

+१

मध्यरात्र

+१. आणि युरिदमिक्स या दुसऱ्या सिंथ-जोडीचा 'स्वीट ड्रीम्स'सुद्धा दुसराच अल्बम होता ना? पहिला कुणाला फारसा माहीतच नाही.

तारस्वर

हो, जानेवारी १९८३. ओएमडी या सिंथ-बँडचं 'इनोला गे'ही त्यांच्या दुसऱ्याच अल्बममधलं, आणि त्यांनी तर दोन्ही अल्बम १९८० या एकाच वर्षात काढले. दुसऱ्या अल्बमला लोक अडकतात असं म्हणतात, सिंथवाल्यांचं उलटंच दिसतंय.

पावसाळी

मंडळी, याझूवर स्वतंत्र धागा काढाच, मी पहिली प्रतिसाद देईन. पण इथे आपल्या तिघांकडे परत येऊया का? मुखपृष्ठाबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही!

निळी_शाई

मी वाटच पाहत होते!

मी या अल्बमपर्यंत गाण्यांमुळे आलेच नाही, मुखपृष्ठामुळे आले. पिकलेल्या गव्हाच्या शेतात एक बाई कापणी करतेय, हातात विळा, डोक्याला रुमाल, आणि वर काळवंडलेलं, आता कोसळेल असं आभाळ. कित्येक दिवस मी ते जुनं तैलचित्र समजत होते. ते छायाचित्र आहे. ब्रायन ग्रिफिन यांनी काढलेलं, केंब्रिजशायरमधल्या शेतात. नैसर्गिक उजेड आणि कृत्रिम दिवे एकत्र वापरलेत, म्हणून बाई आणि गहू आतून उजळल्यासारखे दिसतात आणि मागचं आभाळ मात्र विझलेलं. १९९० मध्ये लाइफ मासिकाने ऐंशीच्या दशकातल्या उत्तम छायाचित्रांचा अंक काढला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर हेच होतं.

पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हंस होता, तोही ग्रिफिन यांचाच. आणि तिसऱ्यावर डोंगरापुढे हातोडा उगारलेला माणूस. म्हणजे दुसऱ्यावर विळा, तिसऱ्यावर हातोडा. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

मला त्या बाईचा चेहरा दिसत नाही याचं फार वाटतं. ती आभाळाकडे बघतच नाहीये. पाऊस यायच्या आत जेवढं होईल तेवढं कापायचंय तिला. पावसाळीताईंनी सांगितलेली ती क्लार्क गेल्यानंतरची गोष्ट वाचली आणि मला हेच चित्र आठवलं.

पावसाळी

@निळी_शाई, अंगावर काटा आला. मी तो विळा कितीदा पाहिला असेल, पण घाईने चाललेलं काम म्हणून कधीच पाहिलं नव्हतं.

अर्धविराम

मी आज पूर्ण अल्बम पहिल्यांदा ऐकला, या धाग्यामुळे. प्रामाणिकपणे लिहिते: पहिली दोन गाणी खूप आवडली, 'मॉन्युमेंट'मध्ये लक्ष उडालं, 'नथिंग टू फिअर'ला परत आलं. त्यात शब्दच नाहीत आणि तरी ते मला सगळ्यात बोलकं वाटलं. 'शुडन्ट हॅव डन दॅट'ची भीती वाटली. लहान मुलाबद्दलचं आणि सत्तेबद्दलचं गाणं, दोन आवाजांत म्हटलेलं, आणि त्यात ती पावलं. रात्री परत ऐकणार नाही.

व्होल्टेज

@अर्धविराम, त्या गाण्यात गोर आणि गान दोघे मिळून गातात. पुढे या बँडची जी खूण झाली, गानचा खालचा जाड आवाज आणि त्यावर गोरचा बारीक, जरा दुखरा आवाज, तिची सुरुवात मला या अल्बममध्ये दिसते. २००६ मध्ये अल्बम पुन्हा काढला तेव्हा सोबत एक माहितीपट दिला होता, त्याच्या नावातच 'तथाकथित काळोख्या टप्प्याची सुरुवात' असं म्हटलंय.

खर्जातला

पावसाळी, तुम्ही शेवटच्या गाण्याबद्दल लिहिणार होतात. ते टाळून चाललंय तुमचं.

पावसाळी

टाळत नव्हते, धीर गोळा करत होते. लिहिते.

'द सन अँड द रेनफॉल' हे घरातलं गाणं आहे. कुणाचा तरी फोन येणार, काहीतरी पडून फरशीवर फुटणार, आणि पुढे काय होणार हे न वाचताच माहीत आहे, कारण हे सगळं आधी होऊन गेलंय. एवढंच. कुठे मोठा शब्द नाही. ज्या मुलाने 'मीनिंग ऑफ लव्ह'मध्ये प्रेम म्हणजे काय हे पुस्तकात शोधल्यासारखं शोधलं, तोच इथे फुटलेल्या वस्तूच्या आवाजावर येऊन थांबतो. त्याला कळलंय की ते फुटलेल्या तुकड्यांतच असतं. एकाच अल्बममध्ये, तीन गाण्यांच्या अंतराने.

आणि शेवट. आता गोष्टी बदलायला हव्यात, त्या नव्याने लावायला हव्यात, असं दोन आवाज एकमेकांवरून म्हणत राहतात. एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. मला दर वेळी वाटतं की ते आधी एकमेकांनाच सांगतायत. माणूस निघून गेलाय, तिघेच आहोत, आता हे सगळं पुन्हा मांडायचंय. ते गाणं गोरने कशावरून लिहिलं हे मला ठाऊक नाही. पण दहावं गाणं म्हणून ते तिथे आहे, आणि त्यांनी त्यानंतर खरोखर सगळं नव्याने लावलं.

म्हणून मला हा अल्बम दुबळा म्हणवत नाही. त्यात दुबळी गाणी आहेत, दोन तरी नक्की. पण ती काढून टाकली तर हे शेवटचं गाणं कुठून आलं ते कळणार नाही.

जुनी_कॅसेट

🙏

मध्यरात्र

धागा वाचनखूण म्हणून साठवला. आज रात्री ऐकते.

खर्जातला

परवापासून हे गाणं सहा-सात वेळा ऐकलं. 'मीनिंग ऑफ लव्ह' मला अजूनही आवडत नाही आणि 'सॅटेलाइट'बद्दलचं मत तसूभर हललेलं नाही. पण शेवटच्या गाण्यात ते दोन आवाज एकमेकांत शिरतात तिथे मी काल हातातलं काम ठेवून नुसता बसलो होतो. मग सरळ पहिल्यापासून अख्खा अल्बम लावला, मधलं काहीही न गाळता. इतकी वर्षं मी तो तुकड्यातुकड्यांत ऐकत आलो होतो, हे त्यामुळे लक्षात आलं.

पावसाळी

'सॅटेलाइट'सुद्धा?

खर्जातला

'सॅटेलाइट'सुद्धा. पूर्ण.